शिळं पाणी

नळाच्या दिवशी सकाळी आमच्या कॉलनीत नळाच्या आधी आत्यांचा आवाज यायचा. सगळी कॉलनी त्यांना आत्याच म्हणायची. रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या हातात घेऊन त्या दारोदार ओरडत जायच्या, "शिळं पाणी हाय का, शिळं पाणी?" नवे भाडेकरू त्यांना भंगारवाली समजून दार लावून घ्यायचे. आत्या हलायच्या नाहीत. "दार लाव, पर आधी ड्रम उघड," म्हणायच्या.

मुकुंदवाडीकडच्या आमच्या भागात नळ आठवड्यातून एकदा आला तर आला. त्यामुळे घरोघरी निळे ड्रम. नळाच्या दिवशी ड्रमात उरलेलं पाणी शिळं म्हणून गटारात ओतायचं, ड्रम घासायचा आणि ताजं भरायचं, ही आमची रीत. आठवडाभर पाण्याच्या नावानं रडणारी माणसं त्या एका सकाळी बादल्याच्या बादल्या ओतून देतात. माझ्या फ्रिजवरच्या यादीतही पहिलं काम तेच होतं. आत्यांनी एकदा ती यादी मला मोठ्यानं वाचायला लावली आणि विचारलं, "पाणी काय भाकर हाय का, शिळं व्हायला?" मग तुम्ही का तसं ओरडता, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "तुमाला समजंल असंच बोलावं लागतंय, बाई."

त्या दौलताबादच्या पलीकडच्या. माहेरी मेंढरं होती. मुलगा वाळूजला कंपनीत लागला, म्हणून शहरात आल्या आणि रिकामं बसवेना, म्हणून कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर गेल्या. तिथं कचरा पडायचा, डुकरं लोळायची. त्यांनी आधी एका कोपऱ्यात अंबाडी टाकली. आमच्या शिळ्या पाण्यावर ती आली. मग मेथी, पालक, वांगी, कुंपणावर दोडका. आम्ही गच्चीवरून बघत होतो, ते हळूहळू खाली उतरलो. वाफ्यांच्या पाळ्या लावायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याकडे अशी कामं येतातच. ऑफिस, स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, त्यात हे आणखी एक.

भाजी वाटायचा त्यांचा एकच नियम होता. ज्यानं पाणी दिलं, त्यानं न्यायची. "नुस्तं कौतिक करणाऱ्यानं फोटू न्यावा." एकदा कुणीतरी रातोरात वांगी तोडून नेली. मी चिडून बैठक बोलवायला निघाले. आत्या वाफ्यात उभ्या राहूनच ओरडल्या, सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल असं, "नेली तर नेली, देठं तरी आणून टाका. खताला लागत्यात!" दुसऱ्या दिवशी कुंपणाशी एक कागदाची पुडी होती. आत देठं.

गेल्या वैशाखात मात्र त्यांचं चुकलं. ऊन असं होतं की दुपारी वांग्याची पानं चिंध्यांसारखी लोंबायची. नळाच्या दिवशी त्या नेहमीपेक्षा लवकर निघाल्या. कोपऱ्यावरचे निवृत्त सर म्हणाले, "आत्या, नळ येऊ द्या आधी. मग ओतू." आत्यांना धीर नव्हता. "येणारच की, सर. ह्यो काय पाव्हणा हाय, न सांगता ऱ्हायला? ओता, ओता, झाडं मरायलीत." आम्ही ओतलं. आमचे ड्रम तळापर्यंत कोरडे झाले, वाफे गार झाले आणि आम्ही नळाकडे बघत बसलो.

नळ आला नाही. संध्याकाळी कळलं, मोठी लाइन फुटली आहे. दुरुस्ती कधी होईल ते कुणी सांगेना. टँकरवाले फोन उचलेनात.

दुसऱ्या दिवशी कॉलनीला तोंड फुटलं. "आमची पोरं तहानलेली, आणि आत्यांची वांगी पिऊन बसली." "बागच बंद करा." सर तर दारातून म्हणाले, "आत्या, आता वांगी पिळून पाणी काढा." आत्या रिकाम्या बादल्या उचलून घरात गेल्या. मलाही दमल्यासारखं झालं होतं. इतकी वर्षं पाळ्या लावायच्या, आठवण करून द्यायची, भांडणं सोडवायची, आणि शेवटी हे. मी रविवारच्या बैठकीच्या विषयांत 'बाग बंद करणे' असं लिहून टाकलं.

एकाच ड्रमात पाणी उरलं होतं, आत्यांच्या. त्यांचं घर प्लॉटला लागून, म्हणून लांबच्या घरांचं पाणी आधी वाहायचं आणि स्वतःचं शेवटी, अशी त्यांची पद्धत होती. त्या दिवशी स्वतःपर्यंत त्या पोचल्याच नव्हत्या. तेवढ्या पाण्यात सगळी नाही, तरी वांगी आणि दोडका तगला असता. फुलं धरली होती.

त्यांनी ड्रम दारात ओढला आणि हाक मारली. तीच नेहमीची, पण उलटी. "शिळं पाणी घ्या, शिळं पाणी!" लोक कळश्या घेऊन आले. खाली मान घालून आले. सरांची पाळी आली तेव्हा आत्यांनी तांब्या हवेतच धरला. "शिळं हाय बरं का, सर. चालंल?"

"चालेल हो, आत्या," सर म्हणाले.

नळ आला तोवर बाग गेली होती. वाळलेली झाडं आत्यांनी एकटीनंच उपटली आणि वाफ्यातच आडवी पसरली. मी शेजारी जाऊन बसले आणि खरं तेच बोलले, "आत्या, मला आता कंटाळा आलाय."

"मलाबी," त्या म्हणाल्या. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "पर कटाळा आला म्हणून जेवायचं सोडतंय व्हय कुणी? पाऊस पडला की अंबाडी टाकू."

रविवारी बैठक झाली. तो विषय मी वाचला नाही.

पावसात अंबाडी पुन्हा आली. दिवाळीनंतर आत्यांच्या मुलानं कंपनीजवळ, वाळूजला फ्लॅट घेतला. टेम्पोत सामान चढलं, पण निळा ड्रम त्यांनी दारातच ठेवला. भरलेला. "ह्यो सगळ्यात शेवटी रिता करायचा," मला म्हणाल्या. "आन् नळाचा आवाज आल्यावरच."

आता नळाच्या दिवशी बादल्या घेऊन मी फिरते. गुडघे माझेही बोलू लागले आहेत. मला ओरडता येत नाही. मी बेल वाजवून विचारते, आणि लोक कधी देतात, कधी विसरतात. परवा मी अशीच जिन्यात उभी असताना आत्यांचा फोन आला. गॅलरीत डब्यांत अंबाडी लावली आहे म्हणाल्या.

"कशी आलीय?" मी विचारलं.

"कशी येणार? इथं नळ रोज येतोय," आत्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नाराजी होती, आणि थकवाही. "शेजारी कुणाकडं शिळं पाणीच नाय, बाई. कुणाचं दार वाजवू?"