पेनल्टी स्ट्रोक आणि माझं आभारप्रदर्शन

माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं आमच्या कंपनीचं मत आहे आणि त्या मतावरच माझं घर चालतं. मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. करंगळीएवढा पार्ट माझ्या हाताखालून जातो, आणि त्यावर केसाएवढा चरा असला तरी मी तो बाजूला काढतो. आता अशा या तीक्ष्ण नजरेच्या माणसाने आपल्या गावात, न्हावऱ्यात, अख्ख्या पंचक्रोशीसमोर काय दिवे लावले ते ऐका.

माझी मुलगी प्रांजल हॉकी खेळते. गोलकीपर आहे. याचं श्रेय माझं नाही, तिच्या मामाचं. सिद्धार्थ, म्हणजे माझा मेहुणा, दौंडला रेल्वेत आहे. सुट्टीत मामाकडे गेलेली पोरं आंबे खाऊन, चार किलो वाढून परत येतात. आमची पोर रेल्वेच्या मैदानावर गुडघे फोडून, हातात हॉकी स्टिक घेऊन परत आली आणि पुढच्या जूनमध्ये दौंडच्याच शाळेत गेली. त्याला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत मी तिची एकही मॅच पाहिलेली नाही! (शिफ्ट, दुसरं काय. एकदा सुट्टी टाकून शिरूरहून एसटीने निघालोही होतो. गाडी वाटेत बंद पडली. मी मैदानावर पोचलो तेव्हा पोरी जाळी गुंडाळत होत्या.) ती कधी काही बोलली नाही, पण ते मला बोचत होतं.

आणि मग ती ज्युनियर भारतीय संघात निवडली गेली! परदेशात मुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. पहिला सामना बेल्जियमशी, आपल्याकडच्या घड्याळात दुपारी साडेचारला. तिकडून तिचा फोन आला.

"पप्पा, पहिल्या हाफला दुसरी कीपर हाय. तिसऱ्या क्वार्टरपासून मी. लाइव्ह दाखवणारेत. बघाल ना?"

"म्हंजी काय! रजा टाकली बी."

"फक्त बघायचं हां पप्पा. दुसरं कायबी करायचं न्हाई."

"शब्द दिला."

दिला खरा. पण नुसतं बघणं ही गोष्ट आपल्याकडे कुणाला जमली आहे? बायको, सुरेखा, म्हणाली, "अहो, घरीच टीव्हीला जोडू. मी भजी करते. चौघं बसू निवांत."

"चौघांत बघायला ती काय बारशाची सीडी हाय का? गावची लेक हाय, गावानं बघितली पायजे!"

झालं. चौकात मंडप पडला. लग्नात लावतात तसला भिंतीएवढा एलईडी पडदा शिरूरहून आला. त्याच्यापुढे स्टेज आलं. स्टेज आल्यावर मान्यवर आले, मान्यवर म्हटल्यावर फेटे आले, फेट्यांमागून नारळ-शाली आल्या आणि सूत्रसंचालनाचा माइक कुणी काही म्हणायच्या आत माझ्या हातात आला. (मीच घेतला, पण ते असू दे.)

तरी मी बेसावध नव्हतो. कार्यक्रम मी कंपनीच्या चेकशीटसारखा आखला होता. पहिल्या हाफमध्ये प्रांजल बाकावर बसणार. तेवढ्यात सत्कार, भाषणं, आभार, सगळं उरकायचं. तिसऱ्या क्वार्टरला माइक बंद, मी पहिल्या रांगेत आणि डोळे पडद्यावर! सिद्धार्थला लॅपटॉपवर बसवलं होतं. त्याने चेकशीट वाचलं आणि फक्त एवढंच विचारलं, "दाजी, मान्यवर टायमावर येणारेत का?"

साडेचारला मॅच सुरू झाली. मान्यवर आले पाच वाजून पाच मिनिटांनी! सगळे एकाच साखरपुड्याला गेले होते. तोवर दुसरा क्वार्टर संपत आलेला. फेटे बांधणारा गडी एक आणि डोकी नऊ. सरपंच सुनीताताईंना फेटा बांधून झाला तेव्हा मध्यंतर झालं, नवव्या डोक्याला मध्यंतर संपलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून सुरेखा हातवारे करू लागली. मला वाटलं, ताईंचा फेटा तिला आवडला. मी मान डोलावली.

आता खरी अडचण सुरू झाली. फेटे बांधलेली नऊ माणसं पडद्याच्या बरोबर पुढे ओळीने बसली आणि नऊ तुरे पडद्यात घुसले. वर पळणाऱ्या पोरी दिसत, खालचा चेंडू काही दिसेना.

"आरं, पोरी नुसत्याच का पळत्यात?" आमच्या चुलतीने मागून विचारलं.

"सरपंच, जरा वाका!" दुसरं कुणीतरी ओरडलं.

"खुर्च्या खाली घ्या की!" तिसरा म्हणाला.

स्टेजवरून खाली? न्हावऱ्यात माणूस एकदा स्टेजवर बसला की आभार झाल्याशिवाय उतरत नाही, नाहीतर उतरवला असा अर्थ होतो. मग खुर्च्या पडद्याकडे फिरवायचं ठरलं. पण त्याने मान्यवरांची पाठ जनतेकडे होते, आणि निवडणूक तर तोंडावर! शेवटी खुर्च्या आडव्या लावल्या. आता मान्यवरांना ना पडदा दिसत होता, ना जनता. ते आपले एकमेकांच्या मानेकडे बघत बसले.

या सगळ्या गोंधळात एक चूक झाली. मी नावं पुकारली नऊ, आणि गावात मान असलेली माणसं होती दहा. दहावे म्हणजे दूध डेअरीचे माजी चेअरमन, आमचे आप्पा. ते शांतपणे उठले, धोतराचा सोगा झटकला आणि चालू लागले. आप्पा बोलले नाहीत म्हणजे काय होतं हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पुढची पाच वर्षं ते माझ्या घरावरून जाताना दुसरीकडे बघतील. मी माइक सोडून पळालो. ते डेअरीपाशी सापडले.

"आप्पा, चुकलं माझं. चला."

"न्हाई, न्हाई. तुमचं चालू द्या. आमी काय, म्हातारी माणसं."

"आप्पा, तुमच्याशिवाय कार्यक्रमाला शोभा न्हाई!"

"ती शोभा यादीत दिसली न्हाई."

तेवढ्यात सुरेखाचा फोन आला. "अहो, उतरली की हो ती! कवाची उतरलीय! कुठं हाईसा?"

"आलोच. आप्पा गाडीवर बसतायत."

आप्पांनी गाडीवर बसायला अर्धा क्वार्टर घेतला. आम्ही पोचलो तोवर प्रांजलने दोन चेंडू अडवलेही होते. (असं म्हणतात.) भारत दोन, बेल्जियम एक. मी आल्या आल्या आप्पांचं नाव पुकारलं, फेटा झाला, नारळ झाला. पण नारळ घेऊन गप्प बसतील ते आप्पा कसले? त्यांनी माइक घेतला. भाषण ऐकू यावं म्हणून सिद्धार्थला मॅचचा आवाज बंद करावा लागला.

"आमी गुरं राखताना हेच खेळायचो," आप्पा म्हणाले. "बाभळीची काठी, आन् चेंडू म्हणून चिंध्यांचा गोळा. तवा ह्याला हॉकी म्हणत्यात हे कुणी सांगितलंच न्हाई, न्हाईतर मीबी परदेशात गेलो असतो!"

टाळ्या! आप्पा खुलले. बाभळीवरून गुरांवर, गुरांवरून दुधावर, दुधावरून फॅटवर आले. चौथा क्वार्टर सुरू होऊन निम्म्याच्या पुढे गेला तेव्हा कुठे ते बसले.

आता माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला. पाच मिनिटं उरली होती. आभार मानायचे होते. मॅचनंतर मानावेत तर माणसं उठून जाणार, आणि ज्याचं नाव त्याच्या कानावर पडलं नाही तो उद्यापासून आप्पा होणार. मी मागे वळून पडद्यावर एक नजर टाकली. चेंडू पार तिकडच्या टोकाला, बेल्जियमच्या गोलपाशी. म्हटलं, इकडे यायला वेळ आहे. दोन मिनिटांत उरकू. मी पडद्याकडे पाठ केली आणि "सर्वांना जय भीम, नमस्कार" म्हणून सुरू झालो.

मंडपवाले झाले. साउंडवाले झाले. वीज न गेल्याबद्दल वायरमनचे खास आभार झाले. मी शाळेच्या हेडमास्तरांपर्यंत आलो आणि एकदम सभा शांत झाली. अगदी टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी! वीस वर्षं मी गावात आभार मानतोय, पण असं कधी ऐकलं गेलं नव्हतं. लोक श्वास रोखून माझ्याकडे बघत होते. (माझ्याकडे, असं मला वाटलं.) चुलतीने हात जोडले होते. सुरेखाने पदर तोंडात धरला होता, तिचे डोळे भरले होते. मी गहिवरलो. आवाज खाली आणून म्हणालो, "आणि शेवटी, जिनं पोटाला चिमटा काढून पोरीला खेळाडू केली, त्या माझ्या पत्नीचे, सौ. सुरेखाचे, मी..."

आणि मंडप फुटला! लोक उठून उभे राहिले. शिट्ट्या, आरोळ्या! सुनीताताई खुर्चीवर चढल्या. आप्पांनी मघाचा फेटा काढून हवेत उडवला. सुरेखा रडत रडत टाळ्या वाजवत होती. मी काय केलं असेल? मी हात जोडले आणि वाकलो. समोर वाकलो, डावीकडे वाकलो, उजवीकडे वाकलो. टाळ्या थांबेनात, तेव्हा माइकमध्ये म्हणालो, "बसा, बसा! आजून दोन नावं राहिल्यात!"

सिद्धार्थ लॅपटॉप सोडून स्टेजवर आला आणि त्याने माझ्या हातातून माइक हिसकावला.

"दाजी, मागं बघा!"

मागे पडद्यावर आठ-दहा पोरींचा ढीग पडला होता. ढिगाखालून एक हेल्मेट दिसत होतं.

"काय झालं? लागलं का तिला?"

"पेनल्टी स्ट्रोक अडवला तिनं, दाजी! समोर एकटी पोरगी, मधी कुणी न्हाई, आन् हिनं अडवला! शेवटचं मिनिट चालूय. जिंकलो आपण!"

लोक नाचत होते. मला कुणीतरी खांद्यावर घेतलं. खांद्यावर बसून मी हसत होतो आणि मनातून मेलो होतो. नऊ वर्षांनी एक संधी आली होती, पडदा भिंतीएवढा होता, तो माझ्या पाठीला लागून होता, आणि अख्ख्या न्हावऱ्यात ते न पाहिलेला माणूस एकच, तिचा बाप!

तासाभराने तिचा फोन आला. स्पीकरवर होता.

"पप्पा, बघितलं ना?"

सुरेखा माझ्याकडे रोखून बघत होती. मी म्हणालो, "बघितलं की! काय अडवलास गं! वाघीण हायस."

"कुठल्या बाजूला उडी मारली मी?"

आता निम्मी निम्मी शक्यता होती. "उजवीकडं," मी ठासून सांगितलं.

मग ती म्हणाली, "पप्पा, मी उडी मारलीच न्हाई. पायानं अडवला."

खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. "प्रांजल, चुकलं बाळा," म्हणालो. "मी पाठ करून उभा होतो."

आणि ती हसायला लागली! तिच्यामागे आणखी पंधरा-वीस पोरी हसताना ऐकू आल्या.

"म्हाईत हाय मला. गावच्या ग्रुपवरनं व्हिडिओ आलाय. पेनल्टी तुमच्या डाव्या कानामागं सुरू होती, माझा पाय तुमच्या खांद्याआड जातो, आन् मग तुम्ही वाकता. तीनदा! आमच्या कोच मॅडमनं चार वेळा लावायला लावला."

व्हिडिओ मी पाहिला. जवळपास बरोबर सांगत होती. (पाय खांद्याआड नाही, आप्पांच्या तुऱ्याआड जातो. तेवढं इन्स्पेक्शन मी केलं.)

पुढची मॅच तीन दिवसांनी होती. ती मी कंपनीजवळच्या, कारेगावच्या आमच्या भाड्याच्या खोलीत, टीव्हीपुढे, जमिनीवर बसून पाहिली. सुरेखाने भजी केली होती आणि आम्ही चौघंच होतो. तिसरा सिद्धार्थ, चौथे आप्पा. ते स्वतःहून आले होते. या वेळी प्रांजल पहिल्यापासून गोलमध्ये होती. मी पडद्यावरून नजर हलवली नाही. तिसऱ्या क्वार्टरला एक पोरगी एकटी चेंडू घेऊन सुसाट आत घुसली, जोरात मारला, आणि प्रांजलने अडवला! मग तिने काय केलं? मैदानाकडे पाठ केली, दोन्ही ग्लव्ह्ज जोडले, आणि वाकली. समोर, डावीकडे, उजवीकडे.

परदेशी कॉमेंट्रीवाला म्हणाला की ही बहुधा तिच्या गावची प्राचीन प्रथा असावी. आप्पा भजं हातात घेऊन म्हणाले, "मिलिंदा, तुझे आभार पार परदेशात पोचले की रं!"

मी उठून उभा राहिलो आणि टाळ्या वाजवत राहिलो, कितीतरी वेळ. सुरेखाने विचारलं, "आता तरी बघितलं का नीट?"

"बघितलं," मी म्हणालो.

तुम्हाला म्हणून सांगतो, ती पोरगी चेंडू घेऊन आत घुसली तेव्हापासूनच डोळे इतके भरून आले होते की पुढचं सगळं धुक्यातच झालं. पण आता मी शहाणा झालो आहे. संध्याकाळी तिचा फोन यायच्या आत सुरेखाकडून माहिती काढून ठेवली.

डावा पाय होता म्हणे.