डावीकडे ओढणारी पिवळी

अर्डिस व्हीलॉकची पिवळी डावीकडे ओढते, हे साऱ्या खोऱ्याला अकरा हिवाळ्यांपासून ठाऊक होतं. आयडाहोच्या त्या डोंगरात नोव्हेंबरात रस्ता बंद झाला की सात घरांचं टपाल, औषधं आणि पीठ पोचवायचं ते पिवळीनं. पिवळी म्हणजे चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारी जुनी बर्फगाडी. नवरा गेल्यावर गाडी आणि काम दोन्ही अर्डिसच्या गळ्यात पडलं. तिला कुणी विचारलं नाही, तिनंही नाही म्हटलं नाही.

गाडीला स्टिअरिंग नव्हतं, दोन दांडे होते. डावा ओढला की डाव्या पट्ट्याचा ब्रेक लागून गाडी डावीकडे वळे, उजवा ओढला की उजवीकडे. पिवळी मात्र कुणी न सांगता डावीकडे जायची. म्हणून अर्डिस उजवा दांडा कायम चार बोटं ओढून धरायची. तिचा उजवा दंड असा भरला होता की स्वेटरची तेवढीच बाही उसवायची.

निदान मात्र प्रत्येकाकडे तयार होतं. कुणी म्हणे पट्टा सैल, कुणी म्हणे रस्ताच तिरका. तिच्या चुलीपाशी बसून कॉफी पिता पिता सगळे गाडी दुरुस्त करायचे. गाडीखाली मात्र कुणी शिरत नसे.

त्या फेब्रुवारीत बॉइझी शहराहून तिचा धाकटा दीर क्लेटन आला. नुकताच निवृत्त झालेला, म्हणजे माणूस धोकादायक.

"वहिनी, अकरा वर्षं तू हे सहन केलंस?"

"तुझ्या भावाला बावीस वर्षं केलं. ही निदान घोरत तरी नाही."

क्लेटननं काम मात्र रीतसर केलं. आधी दोन्ही पट्ट्यांचा झोळ मापला, सारखा निघाला. मग आतल्या रबरी चाकांची हवा तपासली, तीही सारखी. मग त्यानं अर्डिसला उजवा दांडा न ओढता मोकळ्या बर्फावर गोल गोल फिरायला लावलं आणि इंजिन बंद होताच दोन्ही ब्रेकांच्या डब्यांवर मूठमूठ बर्फ ठेवला. उजवीकडचा तसाच राहिला. डावीकडचा चर्रकन विरघळला.

"हा बघ चोर," क्लेटन म्हणाला. "स्प्रिंग मेलीय. डावा ब्रेक सुटतच नाही, सारखा घासतोय."

त्यानं नवी स्प्रिंग बसवली, ब्रेकचा नट दीड आटा सैल केला, आणि अर्डिसनं वाढलेला एल्क हरणाचा रस्सा तीनदा मागून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी अर्डिस टपाल घेऊन निघाली आणि शंभर पावलांत उजवीकडच्या बर्फाच्या ढिगात शिरली. बाहेर काढली, पुन्हा शिरली.

"आता उजवीकडे ओढते," तिनं घरी येऊन सांगितलं.

क्लेटनचं तोंड उतरलं. दोन दिवस तो गाडीखाली पडून होता. झोळ पुन्हा मापला, हवा पुन्हा पाहिली, सगळं जिथल्या तिथे. शेवटी तो स्वतः दांड्यांवर बसला. पिवळी ओढ्यावरच्या पुलापर्यंत रेघ मारल्यासारखी सरळ गेली. येताना मात्र त्यानं अर्डिसला बसवलं आणि तिच्या हातांकडे बघत राहिला.

"वहिनी, उजवा दांडा का ओढतेयस?"

"मी कुठे ओढतेय?"

तिनं खाली पाहिलं. दांडा चार बोटं मागे होता. गाडीची खोड जाऊन तिची उरली होती, आणि त्या खोडीला बसवायला स्प्रिंग मिळत नव्हती.

"सवय जाईल हळूहळू," क्लेटन म्हणाला.

"जाईल की. तोवर टपाल ढिगातच वाटते."

क्लेटन रविवारी गेला. जाताना वाटेत भेटेल त्याला चर्र झालेला बर्फ सविस्तर सांगत गेला. सोमवारी सकाळी अर्डिसनं पाना घेतला, गाडीखाली शिरली आणि डाव्या ब्रेकचा नट एक आटा आवळला. थोडं थांबून आणखी अर्धा. मग ती निघाली, आणि खोऱ्याच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या मिसेस पगमायरच्या दारासमोर गाडी अगदी नेमकी उभी केली.

"आज सरळ आलीस गं," म्हातारी औषधाची पिशवी घेत म्हणाली. "दिराचा हात गुणाचा दिसतो."

"आहेच तो हुशार," अर्डिस म्हणाली, आणि परतीच्या वाटेवरच्या घरी द्यायची चिठ्ठी तिच्याकडून घेतली.