एका पंज्याचे तीन चोर

निपाणीच्या एका तालमीतून पीराचा पंजा नाहीसा झाला, तो प्रसंग मनात आला की आजही माझी लेखणी थोडा वेळ थांबते. सध्या मी बेळगावच्या कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो आणि माझ्या हातच्या अर्जावर सहसा उलट शेरा येत नाही, हे कचेरीतील कोणीही सांगेल. तत्पूर्वी सोळा वर्षे मी पोलीस खात्यात होतो. गुडघा जायबंदी झाल्यामुळे मुदतीआधीच पेन्शनीवर यावे लागले. शिक्षण माझे चार इयत्तांचे. परंतु ठाण्याची डायरी मी ज्या नेटकेपणाने लिहीत असे, तशी मॅट्रिक झालेल्यांनाही लिहिता येत नसे. नावे येथे कोणाचीच देत नाही, कारण माणसे हयात आहेत.

प्रथम त्या तालमीविषयी सांगणे जरूर आहे. तंबाखूच्या वखारींमागे ती पेठ होती. मराठे गाडीवान, लिंगायत घाणेवाले, जैन व्यापारी आणि मुसलमान असे सगळे तेथे भिंतीला भिंत लावून राहत. बोलताना वाक्य मराठीत सुरू होई आणि कानडीत संपे. हे लोक एकमेकांच्या घरी जेवत असत, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. पंगती वेगळ्या होत्या, पाण्याच्या घागरीही वेगळ्या होत्या. परंतु तालमीच्या हौद्यातील माती मात्र सर्वांची होती. तिला तेल घाण्यावरून येई, हळद व्यापाऱ्याकडून, ताक गाडीवानांच्या घरून आणि लिंबे पीराची सेवा करणाऱ्या मुजावराच्या परसातून. भिंतीत एका बाजूला मारुती आणि दुसऱ्या बाजूला, दीड पुरुष उंचीवरच्या कोनाड्यात, हिरव्या कापडात गुंडाळलेला चांदीचा पंजा. तंटा झाला की तालमीच्या कट्ट्यावर मिटे; वर्तमानपत्र आले की एकजण मराठीत वाची आणि दुसरा कानडीत समजावून सांगे. मोहरमात पंजा मुजावर बसवी, पण उचलायला वस्तादाचे पठ्ठे असत. ठाण्यात या पेठेच्या नावाने फारसे कागद नव्हते, आणि त्याचे कारण ती तालीम होती.

मोहरमचा चंद्र दिसला आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, एक इसम ठाण्यात खबर घेऊन आला. कुरबुरीवरून त्याला तालमीतून काढले होते, हे मला ठाऊक होते. तो म्हणाला, ''जमादार, कोनाडा रिकामा हाय. पंजा हिंदूंनी पळवला म्हणून उठवायचं आनि दंगा करायचा, असा मुजावराचा बेत हाय. मी तालुक्याला बी अर्ज दिलाय.''

फौजदारसाहेब साक्षीसाठी बेळगावला गेलेले असल्याने ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. मी जाऊन पाहिले, तर कोनाडा खरोखर रिकामा होता. दुपारी तालुक्याच्या कचेरीतून हुकूम आला: शुक्रवारी दुपारपर्यंत पंजा हजर न झाल्यास तालमीस कुलूप लावून सील करावे, ताबूत बंद, आणि पुढे परवानगी नाही. सील केलेली जागा पुन्हा उघडायला किती वर्षे लागतात, ते मी पाहिले आहे. पेठेची ती एकमेव सामाईक जागा चार दिवसांत जाणार होती.

मुजावराला ठाण्यात आणले. साठी ओलांडलेला, वाळलेला म्हातारा.

''बाबा, पंजा कुठे आहे?''

''सुखरूप हाय.''

''म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?''

''व्हय, ठावं हाय.''

''मग सांगा.''

''सांगणार न्हाय, जमादारसाहेब. पाच-सहा दिस थांबा. आपसूक जाग्यावर येतोय त्यो.''

गुन्हेगाराचा घसा सवालजबाबात कोरडा पडतो, तो वारंवार पाणी मागतो. या म्हाताऱ्याने दोन तासांत एकदाही पाणी मागितले नाही. कायद्याने त्याला चोवीस तासांवर ठेवता येत नव्हते, म्हणून मंगळवारी मी त्याला घरी जाण्यास सांगितले. तर तोच जाईना.

''हितंच बरा हाय,'' तो म्हणाला. ''भायेर गेलो तर चार जण इचारतील, आनि माझ्या तोंडातनं खरं निघंल.''

आणि तो व्हरांड्यात घोंगडे टाकून बसून राहिला. माझ्या नोकरीत ठाण्यात मुक्काम मागणारा तो पहिलाच इसम.

त्याच सकाळी मी शिपायांची हजेरी घेत असता तालमीचा वस्ताद आला. मराठा, दाराएवढा माणूस. म्हणाला, ''मुजावराला सोडा. पंजा म्या चोरलाय आनि हिरीत टाकलाय.'' मी कागद घेतला आणि कबुली लिहू लागलो. चार ओळी झाल्या नाहीत तोच घाण्याचा मालक, लिंगायत अण्णा, धापा टाकत आला.

''वस्ताद खोटं बोलतो रीं. मी नेलो की. घाण्याखाली ठेवलो.''

''कशासाठी नेलात?''

अण्णा विचारात पडला. ''कशाला म्हंजे... हिरवं कापड आवडलं.''

''तीस वर्सं त्येच कापड बघतोयस,'' वस्ताद उसळला, ''आत्ताच आवडलं व्हय रं तुला?''

''तू गप बस. तुला हिरीत वाकून बघायला भ्या वाटतंय, तू काय टाकणार?''

मी दोघांना दामटून बसवतो आहे, इतक्यात तंबाखूचे जैन व्यापारी आले. शरीराने स्थूल. ठाण्याच्या तीन पायऱ्या चढताना ते दोनदा थांबले. आत येऊन हात जोडून म्हणाले, ''चोर मी आहे. पंजा वखारीत आहे. ह्या दोघांस्नी सोडा.''

''शेट, कोनाडा दीड पुरुष उंचीवर आहे. तुम्ही चढलात कसे?''

''शिडी लावली.''

''शिडी धरली कुणी?''

शेटनी इकडेतिकडे पाहिले आणि वस्तादाकडे बोट केले. ''ह्यानं.''

''म्या न्हाय धरली!'' वस्ताद ओरडला. ''म्या एकट्यानं चोरलाय!''

शिपाई तोंड फिरवून हसू लागले. मला मात्र हसू आले नाही. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, मुद्देमाल हाती यावा लागतो. म्हणून बुधवारी दिवसभर झडत्या घेतल्या. विहिरीत एक जुना तांब्या सापडला, घाण्याखाली पेंड, आणि वखारीत शिपायांना इतक्या शिंका आल्या की झडती दोनदा थांबवावी लागली. पंजा कोठेही नाही. हाती होत्या तीन कबुल्या, आणि शुक्रवार दोन दिवसांवर आलेला.

बुधवारी दिवेलागणीला मी टेबलाशी बसलो होतो. मुजावराने खापरीत निखारा मागून घेतला, त्यावर ऊद टाकला आणि दोन्ही हातांनी ती खापरी उंच धरून मान लववली. हा त्याचा रोजचा नेम होता. तालमीत असताना तो हेच पंज्यासमोर करी. पण माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. नमाज तो पश्चिमेला तोंड करून पढत असे. तालीम ठाण्याच्या दक्षिणेला होती. आणि आता त्याने ऊद धरला होता तो उत्तरेकडे. उत्तरेला गाडीवानांची गल्ली होती.

गुरुवारी सकाळी दोन पंच घेऊन मी त्या गल्लीत गेलो. एका दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधलेला होता. आतून ओव्याचा आणि बाळंतशेपाचा धूर येत होता, आणि त्या धुरात ऊदाचाही वास होता. दारात घरची सासू उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून.

''आक्का, बाजूला व्हा. झडती घ्यायची आहे.''

''घ्या की. पर घरात सोयर हाय. उंबऱ्याच्या आत आलासा, तर तुमास्नी बी लागंल. मग दहा दिस ठाण्यात कुनाला शिवशीला?''

ते ऐकताच माझे दोन्ही पंच रस्त्यावर उतरले. ''जमादार, आमच्या घरी उद्या पूजा हाय. आमी आत यायचो न्हाय.'' पंच नाहीत तर पंचनामा नाही. मी उंबऱ्याबाहेरूनच आत पाहिले.

बाजेवर बाळंतीण पडली होती. तिच्या उशाशी पाटावर हिरवे कापड अंथरून पंजा उभा केलेला होता. त्याच्यासमोर निरांजन तेवत होते, आणि त्याच्या पायथ्याशी, दुपट्यात गुंडाळलेले, मुठी वळलेले मूल झोपले होते. एवढी वर्षे मुद्देमाल शोधण्यात गेली. पण मुद्देमाल पाहून मी पाऊल मागे घेतले, असे तेव्हाच झाले.

मग सासूने सांगितले, ते असे. सुनेची दोन मुले आधी गेली होती. या खेपेला दोन दिवस कळा येऊनही सुटका होईना. सुइणीने हात टेकले. तेव्हा सासू तालमीत धावली आणि मुजावराने कोनाड्यातून पंजा काढून तिच्या पदरात घातला. पंज्यावरून ओतलेले पाणी सुनेला पाजले आणि मूल जन्मले.

''आनंदात कुनाला भान ऱ्हातंय?'' ती म्हणाली. ''मूल व्हायच्या आधी पंजा भायेर न्ह्यायला पायजे हुता. नाळ कापली, तवा ध्यानात आलं. पंजा उशालाच. त्येला बी सोयर लागलं. आता शनवारी दहा दिस हुतील. आंघोळी झाल्या की मीच घेऊन जाती. तवर माझ्यानं हलवायचं हुईना.''

''मग पेठेतले तिघे चोरी का कबूल करतात?''

''तुमी झडती घेत घेत हितं येशीला, पोरीच्या खोलीत शिरशीला, तिचा जबाब घेशीला, पंज्याला चिठ्ठी लावून पेटीत घालशीला. म्हणून. सगळ्या गल्लीला ठावं हाय. तुमालाच तेवढं ठावं न्हवतं.''

मी ठाण्यात परतलो. मुजावर आणि तिन्ही चोर व्हरांड्यात बसले होते. मी कोठून आलो, हे त्यांनी माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखले. मी म्हणालो, ''अण्णा, तुमच्या जातीत सोयर पाळत नाहीत. तुमच्या घरातल्या बायका आत जाऊन पंजा आणू शकतात. उद्या दुपारी मुदत संपते.''

अण्णा उठूही लागला. पण मुजावराने त्याचे धोतर धरून त्याला खाली बसवले.

''नको अण्णा. त्या माउलीनं पंज्याला घरातलं मानूस धरलंय. घरच्याला जे सोयर, ते त्येला. मधनंच वडून आणला, तर तिला जलमभर वाटंल, माझ्या घरात पीर बाटला. तसला पंजा मी बसवू कशाला?''

''बाबा, तुमच्या धर्मात सोयर आहे का?''

''माझ्यात न्हाय. तिच्यात हाय.''

''आणि तालमीला कुलूप पडले तर?''

मी वस्तादाकडे पाहिले. त्याच्या बापाने ती तालीम उभी केली होती. तरी तो म्हणाला, ''मुजावर म्हणतोय ते बरोबर हाय.''

मी तालुक्यासाठी अहवाल लिहिण्यास बसलो. अर्ज, जबाब, पंचनामे मी शेकड्यांनी लिहिले आहेत, परंतु त्या दिवशी तीन कागद फाडले. पंजा सापडला, म्हणावे, तर ताब्यात नाही. चोरी म्हणावी, तर देणाऱ्याने दिला आणि घेणारीने मागून घेतला. शेवटी घडले तसे लिहिले आणि शुक्रवारी सकाळच्या मोटारीने स्वतः तालुक्याला गेलो.

मामलेदारसाहेबांनी अहवाल दोनदा वाचला. ''यात तीन कबुल्या आहेत. तुम्ही म्हणता, तिन्ही खोट्या. पोलिसांना खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे. का नोंदवला नाहीत?''

कायद्याचे कलम मला आठवले नाही. जे तोंडात आले ते बोललो. ''साहेब, त्या तिघांपैकी एकाच्याही घरातले ते मूल नाही.''

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा लावला आणि माझ्या अहवालाच्या कडेला लिहिले: मुदत रविवारपर्यंत वाढवली. मग विचारले, ''मुलगा की मुलगी?''

''मुलगी, साहेब.''

शनिवारी सकाळी सासू न्हाऊन, धुतलेले लुगडे नेसून निघाली. पंजा तिच्या पदरात होता. तिच्यामागे मुजावर, आणि त्याच्यामागे तिघे चोर. गल्लीतली दारे उघडत गेली आणि माणसे मागून चालू लागली. वाद्य नव्हते. खबर देणारा इसमही आला होता. एका बाजूला उभे राहून त्याने सगळे पाहिले आणि तो निघून गेला. त्याचा जबाब मी नंतर घेतला नाही, घेऊन करायचे काय? तालमीत वस्तादाने खांदा दिला, मुजावर त्यावर चढला आणि पंजा कोनाड्यात गेला. दुसऱ्या दिवशी तो रीतीप्रमाणे बसवला गेला.

माझा समज असा होता की, माणसे शांततेने राहतात ती ठाण्याच्या धाकाने. जिथे भांडण नाही तिथे गस्तीचा परिणाम आहे, असे मी वरिष्ठांना लिहूनही कळवत असे. त्या पेठेत माझ्या गस्तीचा काही उपयोग नव्हता. तिथली शांतता ती माणसे रोज स्वतः राखत होती. शेजाऱ्याचा नेम आपल्याला पटो न पटो, तो सांभाळायचा, आणि वेळ आली तर त्यासाठी बेडीला हात पुढे करायचा. हे काम कोणत्याही हुकमाने करवून घेता येत नाही, आणि ते कसे होते हे लिहून दाखवणे मला अजूनही पुरतेपणी जमलेले नाही.

एवढेच सांगतो की, पंजा कोनाड्यात जात असता मी हौद्याच्या कडेला उभा होतो, आणि पायांना गार लागले म्हणून खाली पाहिले. बूट मी दारातच काढून आलो होतो. ते काढा असे मला कोणीही सांगितले नव्हते.