अंबाडीच्या खुणा

संतपूरच्या शिवारात मी तुरीच्या बारा वाणांची चाचणी लावली होती. मर रोगापुढे त्यांतले कोणते टिकतात, यावर माझा प्रबंध उभा राहणार होता. वाणांचा क्रम वहीत होता. पण कोणत्या वाणाच्या किती ओळी, हे केवळ शेतात रोवलेल्या बांबूच्या पाट्यांवर. नकाशा काढण्याचा मी कंटाळा केला होता. चूक माझीच.

यळवशीच्या अमावास्येला इकडे शेतात कडब्याची खोप करून लक्ष्मी मांडतात आणि तिथेच आंबील-भज्जी जेवतात. शेतमालकाच्या घरच्यांनी मोठ्या प्रेमाने माझ्या तुकड्यातही लक्ष्मी मांडली. खोपीला काठ्या कमी पडल्या, म्हणून माझ्या पाट्या उपटल्या. दुसऱ्या दिवशी पाहते तो पाट्यांना हळदीकुंकू लागलेले! कापणीला आठवडा उरला होता. मी बांधावर बसून रडले.

पेरणीत तिफणीमागे बी सोडणारी म्हातारी शेजारच्या रानात होती. ती आली.

"कामून रडायलीस गं?"

मी सांगितले.

"एवढंच व्हय? अंबाडी बघ की."

ओळींच्या तोंडाशी मधूनमधून अंबाडीची ताटे उभी होती.

"नवं बी हातात घेतलं की पैली चिमूट अंबाडीची सोडते मी. देवाचा वाटा. येणाऱ्याजाणाऱ्यानं भाजी खुडावी."

"अव्वा, ती उपटायला सांगितली होती ना मी?"

"सांगितलीस की! शिकलेल्यांचं समदं ऐकलं तर भाकरीसंगं काय खावं?"

जिथे अंबाडी तिथून नवा वाण सुरू, यावर मी लगेच विश्वास ठेवला नाही. प्रत्येक अंबाडीच्या दोन्ही बाजूंच्या शेंगांचा रंग, आकार, झाडांची उंची वहीतल्या नोंदींशी ताडून पाहिली. एका ठिकाणी मला शंका आली. दाणे सोलून पाहिल्यावर म्हातारीच बरोबर ठरली.

या घटनेचा प्रत्येक दुवा मला उलगडून सांगता येतो. चमत्कार कुठेच नाही. तरी तिने हा वाटा कोणाही येणाऱ्याजाणाऱ्या माणसासाठी पेरला होता, आणि त्या सकाळी ते माणूस मी होते. देव काम करतो तो बहुधा असाच, असे मला तेव्हापासून वाटते.

पाट्या काढून आणायला मी खोपीकडे निघाले, तर म्हातारीने हात धरला. "राहू दे. लक्ष्मी बसलीय तिथं."

तिने पदराच्या चिंध्या फाडल्या. आम्ही दोघींनी त्या पाट्यांऐवजी प्रत्येक वाणाच्या पहिल्या ओळीला बांधल्या.