हिरव्या गालांची बाई

रंगारीकाकांच्या कपाटामागे एक बाई उभी असे, जुन्या चादरीत गुंडाळलेली. ती त्यांची बायको, म्हणजे तिचं चित्र. लेक पाच वर्षांची असताना लपाछपी खेळता खेळता तिने ती चादर ओढली आणि किंचाळत पळाली. पुढे आठ दिवस तापात "मेलेली बाई, मेलेली बाई" बरळत होती. तेव्हापासून चादरीची गाठ सुटली नव्हती.

काकांचा दोष एवढाच, की ते कामात फार चोख. टीव्ही कृष्णधवल होता तेव्हा ते मालिकांसाठी भिंती, खिडक्या, तसबिरी रंगवत. लाल रंग पडद्यावर काळाठिक्कर पडे, म्हणून ते तसबिरीतल्या माणसांचे गाल हिरवट आणि ओठ निळे काढत. पडद्यावर तीच माणसं आत्ता बोलतील अशी दिसत! एका पोलिसी मालिकेत चित्रचोरीचा भाग होता. त्यात चोर खरं चित्र उचलतो आणि तिथे नक्कल टांगतो. दोन्ही चित्रं काकांनीच रंगवली. खऱ्यासाठी बायकोला समोर बसवलं. फोटो काढला की आयुष्य घटतं असं मानणारी ती. जन्मात कधी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली नाही. काका म्हणाले, "चित्रात तू कुठे असतेस? नुसते रंग असतात."

तो भाग दाखवला जायच्या आतच ती गेली. लेक तेव्हा अंगावर पीत होती. देवाच्या मनात काय होतं ते देवालाच ठाऊक. महिन्याभराने काकांनी मालिकेतल्या चोराचाच कित्ता गिरवला. मालिकेच्या सामानाच्या गोदामात नक्कल ठेवली, खरं चित्र चादरीत घातलं आणि दारवानाला हात करून घरी आले.

चाळीस वर्षांनी त्या मालिका दुपारच्या वेळी पुन्हा लागू लागल्या. वर्तमानपत्रात त्या भागाचं नाव वाचलं तसे काका भरल्या ताटावरून उठले. लेक शाळेत शिकवते. तिला त्यांनी रजा घ्यायला लावली.

"तुझी आई दिसेल. जशी होती तशी. एकदाच बघ."

दोघं टीव्हीसमोर बसली. इन्स्पेक्टर दिवाणखान्यात आला, भिंतीकडे वळला आणि पडदाभर पांढऱ्या रेघा आल्या. टेप घासलेली होती. रेघांमागून नुसता इन्स्पेक्टरचा आवाज आला, "ही ती नव्हेच." चित्राचा प्रसंग सरला तेव्हाच रेघा गेल्या.

लेक म्हणाली, "बाबा, कपाटामागची काढा."

"नको गं. तुला सोसवणार नाही."

"एवढी वर्षं चोरीचा माल घरात, आणि मलाच बघायला बंदी?"

"स्वतःच्या बायकोला घरी आणलं, ती काय चोरी झाली?"

"हे त्या इन्स्पेक्टरला सांगा हं!"

हसत हसत तिने गाठ सोडली आणि तिचं हसू तिथेच विरलं. निळे ओठ. शेवाळलेले गाल. नजर थेट तिच्यावर. "झाका" असं ती म्हणणारच होती, पण टीव्हीवर तो करडा भाग अजून चालू होता. तिकडे बघता बघता तिच्या मनात काहीतरी आलं. तिने मोबाईलवर चित्राचा फोटो घेतला आणि त्यातले सगळे रंग काढून टाकले.

निळं गेलं, हिरवं गेलं. गालांवर ऊब आली, उजव्या खळीत हसू उमटलं.

"बाबा... ही माझ्यासारखी हसते."

"वेडे, तू तिच्यासारखी हसतेस." काका म्हणाले. बायकोचा हा पहिलाच फोटो.

सवयीने त्यांनी चादर उचलली. लेकीने हात धरला. "राहू द्या. चाळीस वर्षं जीव गुदमरला असेल तिचा."

चित्र आता भिंतीवर उघडंच असतं. फक्त त्या खोलीतून बाहेर पडताना लेक अजूनही त्याच्याकडे पाठ करत नाही.