झाडूचा टेक

माझी मुलगी बासरी वाजवते. गेल्या वर्षीपासून ती आणि तिचे तीन मित्र सिडकोतल्या एका स्टुडिओत साथीला जातात. घरी आली की कुणी कुणाची कशी फजिती केली, हे हसत सांगत बसते. मी विचारते, "तेव्हा मशीन चालू होतं का?" ती म्हणते, "आई, तुझं काहीतरीच." तिला कडूबा गाडेकर माहीत नाही. ती तीन वर्षांची असताना त्यानं आमच्याकडे येणं सोडलं.

कडूबा पडेगावचा. वाळूजला एका कारखान्यात पाळीवर जायचा आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. शहागंजातल्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे तो नऊ वर्षं शिकला होता. तेव्हाच्या औरंगाबादेत त्याच्याइतका गोड क्लॅरिनेट दुसरा कुणी वाजवत नसे, असं माझे यजमान अनंतराव म्हणायचे. ते सहसा कुणाचं कौतुक करत नसत.

अनंतरावांनी पंच्याऐंशी साली औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत रेकॉर्डिंग स्टुडिओ काढला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे लावायचे ठरले होते. सासूबाईंनी ते ट्रे फाटकातूनच परत पाठवले, म्हणून आम्ही गोणपाट आणि जुन्या गोधड्या ठोकल्या. भावगीतं, भजनं, लग्नाची गाणी यांच्या कॅसेटी तिथं तयार होऊ लागल्या. सगळे वादक एकाच खोलीत बसून गाणाऱ्याबरोबर एकदम वाजवायचे. एकाचं चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून.

कडूबा यायचा तो हर्सूलच्या बन्सी तुपेच्या लुनावर मागं बसून, क्लॅरिनेटची पेटी मांडीवर घेऊन. बन्सी ढोलकी वाजवायचा. कडूबाला सूर पक्का, पण मात्रा मोजण्यात तो कच्चा. गाण्यात त्याची जागा आली की बन्सी भुवई उडवायचा आणि कडूबा त्या भुवईवर उचलायचा. इतर वादक चिडवायचे, "कडूबा, बन्सीच्या भुवयाला केस राहतील तवरच तुझी रोजीरोटी!" कडूबा म्हणायचा, "म्हणून तर त्याला तेल मी देतो."

पहिला टेक आमच्याकडे कधीच ठेवत नसत. त्याला सगळे झाडूचा टेक म्हणायचे. आवाजाची पातळी बसवायची, चुका झाडून टाकायच्या, एवढ्यासाठीच तो असायचा. मशीन चालू असे, पण त्याच टेपवर दुसरा टेक घेतला जाई. त्यामुळे झाडूच्या टेकला थट्टा चाले. बन्सीची ठरलेली थट्टा म्हणजे चिंच. फुंकून वाजवणाऱ्यासमोर कुणी चिंच चोखली की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, ते वाद्याच्या तोंडाशी बसवलेल्या पत्तीत उतरतं आणि वाद्य भलतंच किंचाळतं. कडूबाचा सूर भरात आला की बन्सी डावा हात ढोलकीवर ठेवून उजव्या हातानं चिंच तोंडात टाकायचा आणि डोळे मिटून टक्क असा आवाज काढायचा. दुसऱ्या टेकला मात्र चिंच खिशात.

ती चिंच मी द्यायचे. मीठ-तिखट लावून, कागदाच्या पुडीत.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये मुंबईहून एका कॅसेट कंपनीचे शेठ आले. हळदीच्या गाण्यांच्या कॅसेटमधलं शेवटचं गाणं करायचं होतं. गाणाऱ्या बाई त्यांनीच आणल्या होत्या. शेठना वर्षभरासाठी एक क्लॅरिनेटवाला मुंबईला न्यायचा होता. अनंतरावांनी कडूबाचं नाव सुचवलं होतं आणि शेठ म्हणाले होते, "आज ऐकतो, मग बोलू."

कडूबा सकाळी स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला. त्यानं नवा शर्ट घातला होता. "वैनी, आज जमलं तर बँडचा डगला कायमचा उतरवणार हाय," तो म्हणाला. "सोनेरी बटनं लावून घोड्याच्या मागं चालायचं, लई झालं."

तो गेला आणि पाठोपाठ बन्सी आला. "वहिनी, पुडी."

"आजसुद्धा?"

"आज तर पायजेच. लई भ्यायलंय येडं. एकदा हसलं की मोकळं होईल."

मला ते पटलं. मी पुडी दिली आणि मजा बघायला रेकॉर्डिंगच्या खोलीच्या काचेपाशी जाऊन उभी राहिले.

गाण्याच्या सुरुवातीलाच क्लॅरिनेटच्या सोळा मात्रा होत्या. कडूबानं त्या अशा उचलल्या की शेठ खुर्चीत पुढं सरकले. बाराव्या मात्रेला बन्सीनं चिंच चोखली. क्लॅरिनेट कीं-ईं करून ओरडला, मग त्यात गुळण्या केल्यासारखं काहीतरी खळखळलं. बाई कसलेल्या. त्यांनी तशातच मुखडा धरला आणि गाणं शेवटपर्यंत सुंदर म्हटलं. मी तोंडात पदर कोंबून हसत होते. कडूबाही हसत होता. पत्ती पुसत बन्सीला म्हणाला, "थांब मेल्या, तुझ्या ढोलकीला दोडक्याची साल चढवतो. चला, आता खरं!"

तेवढ्यात लाइट गेली.

अकराला गेली ती चार वाजले तरी आली नाही. बाईंचं संध्याकाळचं विमान होतं. शेठनी घड्याळ बघितलं. "टेपवर काय आहे?"

"एक टेक आहे," अनंतराव म्हणाले, "पण तो झाडूचा."

"बाई नीट गायल्यात ना? मग तोच बांधून द्या."

कडूबा उठून उभा राहिला. "साहेब, माझा सूर तेवढा काढून टाका. न्हाईतर मी पुन्हा वाजवतो, लाइट येईस्तोवर बसतो."

"तू बसशील. बाई बसतील का?"

सूर वेगळा काढता येणार नाही, सगळं एकत्र टेपवर बसलंय, हे अनंतरावांनी त्याला समजावलं. मग कडूबानं बन्सीकडे पाहिलं. बन्सीनं एक वाक्य बोलायचं होतं, की साहेब, मी थट्टा केली. पण लाइट गेल्यावरच्या त्या वेळात शेठनी बन्सीला विचारलं होतं, "ढोलकी छान आहे तुझी, मुंबईला येतोस का?"

बन्सी ढोलकीच्या कड्या ओढत म्हणाला, "होतं असं कधीमधी, साहेब. पत्ती जुनी असल."

अनंतरावांनाही खरं काय ते माहीत होतं. ते टेप डब्यात घालत राहिले. मी काचेपलीकडे होते.

दोन दिवसांनी कडूबा सायकलवरून आला. कॅसेटच्या वेष्टनावर छापायची वादकांची नावं माझ्या अक्षरात लिहून पाठवायची, ही आमची पद्धत होती. "वैनी, माझं नाव तेवढं घालू नका." मी सांगितलं की कागद पोस्टात गेला. तो गेला नव्हता. माझ्याच टेबलावर होता. मला वाटलं, मुंबईच्या कॅसेटवर माणसाचं नाव पहिल्यांदाच छापून येतंय, आज लाजतोय, उद्या कॅसेट जपून ठेवील. मी एम.ए. झालेली, मला त्याचं भलं कळत होतं.

कॅसेट जोरात चालली. त्या उन्हाळ्यात जालना रोडपासून पैठणपर्यंत एकही मांडव तिच्याविना उभा राहिला नाही. आणि लोकांना सगळ्यात आवडली ती बाराव्या मात्रेची कीं-ईं. नवरीला हळद लागताना कुणीतरी चिमटा काढला असं ते ऐकू यायचं. पोरं घशातून तसा आवाज काढत हिंडायची. बँडचा मालक कडूबाला म्हणाला, "मास्तर, तुमचं नाव छापलंय. लोक तुमच्यासाठीच बोलवायलेत. कीं काढा."

मुद्दाम तसा आवाज काढणं सोपं नसतं. कडूबानं आमच्या मागच्या खोलीत बसून त्याचा रियाज केला. नऊ वर्षं जे ओठ त्यानं सुरासाठी घडवले होते, त्यांना तो चुकायला शिकवत होता. एकदा कीं नीट निघाली नाही, तर वऱ्हाडातल्या एकानं त्याच्या डोक्यावरची टोपी उडवली. पुढच्या दोन-तीन वर्षांत लोक त्याला कीं-मास्तर म्हणू लागले. वाळूजच्या बसमध्ये तो चढला की मागच्या बाकावरून तोच आवाज यायचा.

बन्सी मुंबईला गेला. जाताना लुना कडूबाला देऊन गेला आणि म्हणाला, "सहा म्हयन्यांत तुला बोलावतो." सुट्टीत आला की आमच्याकडे चहाला यायचा. मुंबईच्या वादकांना त्यानं कीं-ईंची गोष्ट सांगितली होती. ते पोट धरून हसले, असं आम्हाला कौतुकानं सांगायचा. त्या गोष्टीत चिंच नव्हती.

अठ्ठ्याण्णव साली बन्सीनं मोठ्या मुलीचं लग्न हर्सूलला केलं. त्या मुलीच्या जन्माच्या वेळी बन्सीच्या बायकोला रक्त लागलं होतं, ते कडूबानं दिलं होतं. बन्सी स्वतः पडेगावला जाऊन त्याला म्हणाला, "दोस्ता, हळदीचं गाणं तूच वाजवायचं. मुंबईचे अरेंजर येणार हायेत, गाणी बसवणारे."

कडूबा आठवडाभर आमच्याकडे येत होता. नवी पत्ती आणली, घासून घासून बसवली. मला म्हणाला, "वैनी, यंदा कीं काढणार नाय. त्या दिवशी जसं वाजवायचं होतं तसं वाजवणार. आयकू द्या की एकदा, त्या कागदावरचा कडूबा गाडेकर कोण हाय ते."

मांडवात व्याह्यांकडचे परगावचे पाहुणेच जास्त होते, त्यांनी कीं-मास्तर फक्त कॅसेटवर ऐकला होता. बन्सीनं माइकवरून सांगितलं, "आता कीं-मास्तर!" शिट्ट्या झाल्या. कडूबानं सुरुवात केली. सोळाच्या सोळा मात्रा त्यानं अशा वाजवल्या की माझ्या अंगावर काटा आला. मुखड्यावर तो अलगद येऊन थांबला.

लोक पुढच्या आवाजाची वाट बघत राहिले. मग मागून कुणी ओरडलं, "आरं, कीं कुठंय?"

"ह्यो त्यो नाय!"

"बन्सीभाऊ, डुप्लिकेट आणला काय?"

हशा वाढत गेला. पाहुणे मजा बघायला उठून उभे राहिले. कडूबानं क्लॅरिनेट खाली घेतला आणि तो बन्सीकडे बघत राहिला. बन्सीच्या कपाळावर घाम होता. मुलीचं लग्न होतं, व्याही समोर बसले होते. त्यानं माइक तोंडाशी नेला. "मंडळी, माफी असावी. खरे मास्तर आजारी हायेत. हे बदलीवर आलेत."

लोक समाधानानं खाली बसले. कॅसेट लावली, कीं-ईं आली, टाळ्या पडल्या.

मी पुढच्या रांगेत होते. माझ्या शेजारचे मुंबईचे अरेंजर उठून बन्सीपाशी गेले. "अरे, ये बदलीवाला तो कमाल का है! नाम क्या है इसका?"

कडूबा चार हातांवर उभा होता. त्याला ऐकू जात होतं.

"नाव नाय बुवा माहीत," बन्सी म्हणाला. "बँडवाल्यानं पाठवलाय."

अरेंजर माझ्याकडे वळले. "भाभीजी, आपको पता है?"

अनंतरावांच्या स्टुडिओला तेव्हा मुंबईची कामं बन्सीच मिळवून देत होता. मुलीच्या शाळेचं बघायचं होतं. मी म्हणाले, "नाही, मी पहिल्यांदाच ऐकलं."

कडूबानं क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, एकेक फडक्यानं पुसला, पेटीत ठेवला. बन्सीनं त्याला हाताला धरून पंगतीत बसवलं आणि आग्रह करून जिलबी वाढली. तो जेवला. ताट लख्ख केलं. निघताना माझ्यासमोर थांबला, हात जोडले आणि अनोळखी बाईला म्हणावं तसं म्हणाला, "येतो, बाई."