तुटकी चकली ओळखणारा मेंदू

मानवी मेंदूची प्रतिकृती घडवण्याचं माणसाचं जुनं स्वप्न अखेर बिबवेवाडीत साकार झालं. पिठाच्या गिरणीवर आमची कंपनी होती. धायरीच्या एका फरसाणवाल्यांना पट्ट्यावरून सरकणाऱ्या चकल्यांतल्या तुटक्या कोणत्या, ते कॅमेऱ्याने ओळखून हवं होतं.

त्यासाठीचं न्यूरल नेटवर्क, म्हणजे फोटो पाहून शिकणारा, थरांवर थर रचलेला कम्प्यूटरचा मेंदू, चंद्रपूरहून आलेल्या एका मुलीकडे होतं. ती प्रोबेशनवर होती. हे काम जमलं तरच कायम होणार होती. तिने मोजक्या थरांचं, आटोपशीर नेटवर्क बांधलं. साहेबांना ते पाहून वाईट वाटलं. त्यांची सोसायटी नुकतीच पुनर्विकासाला गेली होती, आणि मजले वाढले की किंमत वाढते यावर त्यांची श्रद्धा बसली होती.

"अहो, एवढ्याने काय होतंय? पन्नास थर तरी करा. गिऱ्हाइकाला सांगायला बरं."

"एवढे कायले पायजेत, सर?" चिडली की तिचं गाव बोलायला लागे.

"डीप लर्निंग म्हणतात त्याला. उथळ नव्हे."

पन्नास केले. आमच्याकडच्या फोटोंवर एकही चूक झाली नाही. साहेबांनी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी फरसाणवाले ताजा माल घेऊन आले. नेटवर्कने सगळ्याच चकल्या पास केल्या. त्यांनी एक चकली मोडून दोन्ही तुकडे कॅमेऱ्यापुढे धरले. तीही पास.

"छान," ते म्हणाले. "यापुढे तुटका माल तुमच्या कम्प्यूटरलाच विकत जाईन."

साहेबांनी मुलीकडे पाहिलं.

"तुटक्या चकल्यांचे फोटोच थोडे आहेत, सर. एवढ्या मोठ्या नेटवर्कने ते पाठ करून टाकले. गाईड पाठ केलेल्या पोराला नवा प्रश्न कुठे येतो?"

"थोडे कसे? यांनी डबे भरभरून पाठवल्या होत्या!"

नमुने चहाच्या वेळेला यायचे, आणि फोटो चहानंतर काढायची आमच्याकडे पद्धत होती.

मुलीने आपलं जुनं, लहान नेटवर्क लावलं. त्यात पाठांतराला जागाच नव्हती, त्यामुळे तडा म्हणजे काय हे त्याला शिकावंच लागलं होतं. त्याच ताज्या मालातल्या तुटक्या चकल्या त्याने बिनबोभाट वेगळ्या काढल्या. फरसाणवाल्यांनी काम दिलं, आणि मुलगी कायम झाली.

साहेबांनी माहितीपत्रकात 'सखोल' हा शब्द तसाच ठेवला. त्या नेटवर्कला थर तीन होते. आमच्या इमारतीला, गिरणी धरून, मजले चार.